चादरताईची रजा

तळ्याकाठच्या त्या गावात हंगाम लागला की गावकऱ्यांना आपल्याच गल्लीतून अंग चोरून चालावं लागे. दुरून दुरून लोक तळं बघायला येत आणि अख्खं गाव त्यांच्या सरबराईत बुडून जाई. बसथांब्याजवळच्या लॉजमध्ये चादरी-उशांचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे चादरताईच म्हणत. तिचा नवरा नावाडी होता, पाहुण्यांना तळ्यातून फिरवून आणायचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण दोघांनी मिळून कुठं प्रवासाला जाणं म्हणजे उंबराचं फूल. जगाला सुट्टी लागली की यांच्या कामाला ऊत येई, आणि हंगाम सरला की होडीची डागडुजी असेच.

यंदा मात्र ऐन हंगामात धक्क्याच्या फळ्या कुजल्या आणि चार दिवस होड्या बंद ठेवाव्या लागल्या. लॉजमधल्या खोल्याही रिकाम्या झाल्या. नावाडी तोंड पाडून घरी आला. चादरताईच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

“आपण जाऊ या कुठंतरी,” ती म्हणाली.

नवऱ्यानं समुद्राचं नाव काढलं. तिथं गर्दी असणार. डोंगर म्हणावेत, तर ते परसदारी होतेच. मग तिला लॉजवर दरवर्षी येणारे एक मास्तर आठवले. आमच्या गावात बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही, असं ते नेहमी कुरकुरत.

“तिथंच जाऊ,” ती म्हणाली.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पण घरात कुठलीही नवी गोष्ट आली की आधी नाही म्हणणाऱ्या सासूबाईंनी एव्हाना पिशवी भरायला घेतली होती.

सहा तासांच्या प्रवासात सासूबाईंनी खिडकीची जागा काही सोडली नाही. डोंगर मागे पडले, रस्ता सरळसोट झाला, तशी त्यांची मान जी बाहेर वळली ती वळलेलीच राहिली. त्या गावच्या लॉजमधल्या मॅनेजरनं कामाचं स्वरूप विचारलं. लग्न? कोर्ट? दवाखाना? नावाड्यानं छाती फुगवून सांगितलं, “फिरायला आलोय.” मॅनेजरनं चष्मा काढून तिघांना एकदा नीट न्याहाळलं आणि मुकाट्यानं कोपऱ्यातली हवेशीर खोली दिली.

सकाळी उठल्या उठल्या चादरताईनं सवयीनं पलंग आवरला. चादरीवर सुरकुती नाही, चारही कोपरे घट्ट खोचलेले. झाडलोट करणारी बाई आत आली, ते बघून दारातच थबकली आणि दबक्या आवाजात विचारू लागली, की मालकांनी तुम्हाला तपासणीला पाठवलंय का? खरा प्रकार कळल्यावर दोघी पोट धरधरून हसल्या. मग त्या बाईनं चादर ओढून काढली, हिला खुर्चीत बसवलं आणि नवी चादर अंथरायला घेतली. चादरताईचे हात नुसते शिवशिवत होते. आपल्यासाठी दुसरं कुणीतरी चादर झटकतंय, हे ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. डोळे भरून आले, तशी ती पटकन खिडकीकडे वळली.

दुपारी बागेतल्या डबक्याएवढ्या तळ्यात पायानं चालवायच्या होड्या दिसल्या. तिथला माणूस नावाड्याला बजावू लागला, उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. नावाडी शाळकरी पोरासारखी मान डोलवत होता. मग भाबडा चेहरा करून त्यानं विचारलं, “पाणी किती खोल आहे हो?”

आपल्या होडीत हाच प्रश्न रोज पन्नासदा ऐकून नावाड्याचे कान किटले होते.

“गुडघाभर.”

“मगरी आहेत?”

होडीत बसलेल्या चादरताईला असं हसू फुटलं की होडी डगमगायला लागली, आणि काठावरून शिट्टी वाजली.

तिसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं, की तळ्याकाठची माणसं आपलं गाव बघायला आलीत. लोक ओट्यावरून हाका मारून बसायला बोलवू लागले. झाडलोटवाल्या बाईचा नवरा पाण्याच्या उंच टाकीवर कामाला होता. त्यानं तिघांना टाकीवर नेलं. एकशे बारा पायऱ्या. सासूबाई तीनदा दम खायला थांबल्या, पण हात कुणाला धरू दिला नाही.

वर पोचले, तर चहूकडे सपाट शेतं, आणि नजर कुठं अडतच नव्हती. त्यांच्या गावात दुपार कलली की सूर्य डोंगराआड जाई. इथं तो लालबुंद होऊन पार जमिनीला टेकला, तरी अजून दिसतच होता.

“केवढं आभाळ गं,” सासूबाई पुटपुटल्या, आणि त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला.

तापात फणफणतानाही कधी रजा न मागितलेल्या चादरताईनं तिथूनच लॉजच्या मालकाला फोन लावला आणि एक दिवस उशिरा येते म्हणून सांगितलं. मालकानं कारण विचारलं. कुणी आजारी आहे का, काही अडचण आहे का?

“नाही,” ती म्हणाली, “मजेत आहोत, म्हणून.”

मग मालक, बरं, या सावकाश, म्हणाला. ही बातमी सांगायला ती वळली, तर सासूबाई टाकीवाल्याला विचारत होत्या, उद्या सूर्य उगवायच्या आधी आलो तर कुलूप उघडशील ना, बाबा?