चौरंगापेक्षा चार बोटं खाली

माझ्याकडे बघायचं तर, मित्रांनो, मान जरा खाली घालावी लागेल. मी एक जुनं गादीचं स्टूल आहे, आणि चांगला बुटका आहे. लोक याला माझं व्यंग समजत आले. मी मात्र याच बुटकेपणाच्या जोरावर पेडण्यातल्या एका घरात मानाची जागा पटकावली. ती कशी, ते सांगतो. सांगताना थोडी फुशारकी मारणार आहे, तेवढी सांभाळून घ्या.

गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य असताना डिचोलीच्या एका मेस्तानं, म्हणजे सुतारानं, मला शिसवीच्या लाकडातून घडवलं. चार वळणदार पाय, पोटात ठासून भरलेला काथ्या आणि वर डाळिंबी मखमल. म्हापशाच्या एका फोटो स्टुडिओसाठी माझा जन्म झाला होता. तिथलं माझं काम मोठं नाजूक होतं. नवरा उंचीला कमी असला, की फोटोवाला नवरीला माझ्यावर बसवायचा आणि नवऱ्याला शेजारी ताठ उभं करायचा. फोटोत नवरे कसे रुबाबदार दिसायचे! असे किती संसार मी सावरून दिले, ते त्या नवऱ्यांनाच विचारा. अर्थात ते कबूल करणार नाहीत.

पुढे स्टुडिओ बंद पडला आणि मी बाजाराजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. गिऱ्हाइकं यायची, ऐसपैस खुर्च्यांवर बसून बघायची, आरामखुर्च्यांचे हात कुरवाळायची. मला कुणी विचारीना. दुकानदार माझ्यावर चहाचा कप ठेवायचा. माझ्या मखमलीवर कपाच्या गोल डागांची नक्षी उमटली. मला माणसांसाठी केलं होतं, मित्रांनो, आणि माझ्यावर माणूस बसत नव्हता. फार वाईट वाटायचं.

मग गोवा घटक राज्य झाला ते साल उजाडलं. राजभाषेवरून दुकानातसुद्धा जोरजोरात वाद चालायचे. वाद मराठीच्या बाजूचा असो की कोंकणीच्या, मुद्दा ठासून मांडायला टेबल म्हणून बुक्की माझ्यावरच बसायची. त्याच पावसाळ्यात, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली असताना, एका शुक्रवारी सिद्धी दुकानात शिरली. ती पेडण्याची सून. तिच्या हातात सुतळीचा एक तुकडा होता आणि त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या.

दुकानदारानं तिला एक गुबगुबीत कोच दाखवला. "ह्येच्यार बसल्यार माणूस उठाचोच नाय," तो कौतुकानं म्हणाला.

"तोच तर घोळ आसा," सिद्धी म्हणाली. "माका बुटकी जागा व्हयी. घट्ट आनि बुटकी."

तिची अडचण अशी होती. तिचे सासरे बाबली आयुष्यभर खाणीवरचा ट्रक चालवत होते. त्यात त्यांचे गुडघे गेले. पण हात शाबूत होते, आणि त्या हातांना घुमट वाजवायचं वेड होतं. घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं वाद्य, एका तोंडाला चामडं लावलेलं. मांडीवर घेऊन वाजवायचं. चवथीला त्यांच्या वाड्यावरच्या सगळ्या आरत्या बाबलींच्या थापेवर चालायच्या. आदल्या वर्षी ते गणपतीसमोर जमिनीवर बसले, आणि उठायची वेळ आली तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. सगळ्या वाड्यासमोर. त्यानंतर त्यांनी घुमट खुंटीला टांगलं, ते तिथंच राहिलं.

खुर्ची आणून दिली, तर देवापेक्षा उंच बसायला ते तयार नव्हते. "देव सकल आनि मी वर? ह्यां माका जमाचां नाय."

म्हणून सिद्धीनं सुतळी घेतली. वरची गाठ गणपतीच्या चौरंगाच्या उंचीची. बाबलींची बैठक त्याच्या वर जाता कामा नये. खालची गाठ म्हणजे त्याहून खाली बसले तर गुडघे उठू देत नाहीत ती रेघ. या दोन गाठींच्या मध्ये बसेल अशी जागा ती शोधत होती. पेडण्याची दुकानं पालथी घालून ती म्हापशाला आली होती.

तिची सुतळी खुर्च्यांना लागली, बाकांना लागली आणि शेवटी माझ्या पायाशी आली. वरच्या गाठीच्या चार बोटं खाली माझी गादी! तिनं मला उलटं केलं, भुंग्यानं पोखरलंय का ते बघितलं, पाय हलवून पाहिले, गादीत मूठ दाबली. मी काथ्या आवळून धरला. मूठ आत गेली नाही.

"ह्यां," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मला हार घातल्यासारखं वाटलं.

घरी मी पोचलो आणि घोटाळा झाला. सिद्धीचा नवरा सुदेश भला माणूस. पण त्याला माझी डागाळलेली मखमल बघवेना. वडिलांना असल्या डागांवर कसं बसवायचं? बायकोला चकित करावं म्हणून तो गुपचूप मला बाजारात घेऊन गेला आणि गादी नवी करून आणली. पोटातला काथ्या काढला, जाडजूड फोम भरला, वर चकचकीत रेक्झिन. मी फुगलो. आरशात बघितलं असतं तर स्वतःला ओळखलं नसतं.

सिद्धीनं सुतळी लावली आणि कपाळाला हात लावला. मी चौरंगाच्या वर गेलो होतो. तरीही बाबलींनी खुंटीवरचं घुमट काढून घेतलं आणि बसून बघतो म्हणाले. बसले मात्र, आणि फोम फुस्सकन खाली गेला. गुडघे छातीला टेकले. रिकामा असताना मी देवापेक्षा उंच आणि माणूस बसला की थेट पाताळात! पुन्हा सुदेशला आणि सिद्धीला मिळून त्यांना ओढून काढावं लागलं.

हातातलं घुमट बाबलींनी परत खुंटीला लावलं. "औंदा गुरुदास वाजयत," ते म्हणाले आणि आत गेले. गुरुदास म्हणजे शेजारी. मन लावून वाजवायचा, पण त्याचा ताल घाईची बस पकडायला निघाल्यासारखा पळायचा. चवथ दुसऱ्या दिवशी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुनो काथो खंय आसा?" सिद्धीनं नवऱ्याला विचारलं.

"पोत्यात घालून घरी हाडललंय. आयेक दिलंय."

सगळे स्वयंपाकघराकडे धावले. सासूबाई, म्हणजे कमलाक्षी, न्हाणीजवळ बसून चवथीची पितळी भांडी घासत होत्या. समई लखलखत होती, ताट लखलखत होतं, आणि त्यांच्या हातात माझ्या पोटातला काथ्या होता.

"माका काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "बरो काथो दिसलो, घेतलंय. समई बघ कशी झाली ती!"

समई खरोखरच छान झाली होती, हे मला मान्य करावं लागलं. पण पोत्यात निम्मासुद्धा काथ्या उरला नव्हता. तोही सिद्धीनं सोडला नाही. मग ती मागच्या पडवीत गेली आणि विहिरीची जुनी सुंभाची दोरी घेऊन आली. सुंभ म्हणजे काथ्याचाच पीळ. तिनं पीळ उलगडायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं वळून राहिलेला काथ्या कुरळा झाला होता, दाबला की उसळून परत वर यायचा. कमलाक्षी राखेचे हात धुऊन शेजारी बसल्या. बाहेर माणसं माटोळीला, देवावर टांगायच्या लाकडी चौकटीला, नारळ, पोफळं आणि कांगलांची रानफळं बांधत होती आणि आत दोघी दोरी उसवत होत्या. सुदेशनं मुकाट्यानं रेक्झिन फाडलं, फोम फेकला आणि काथ्या ठासून भरला. वर लुगड्याचा लाल चौकडीचा तुकडा ताणून त्यानं खिळे ठोकले. एक ठोका अंगठ्यावर बसला. मला त्याची दया आली, फार नाही.

मग सुतळी लागली. चौरंगापेक्षा चार बोटं खाली. बाबली दारात येऊन उभे होते. सुतळीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. एक तळवा चौरंगावर, दुसरा माझ्यावर ठेवून त्यांनी स्वतः खात्री केली.

"मामांनू, बसा," सिद्धी म्हणाली.

ते बसले. मी हललो नाही, दबलो नाही, कुरकुरलो नाही. बाबलींनी हात पुढे केला आणि सुदेशनं खुंटीवरचं घुमट त्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशीची आरती तुम्ही ऐकायला हवी होती! पहिली थाप पडली आणि ती माझ्या चारही पायांतून जमिनीत गेली. गुरुदासनं आपलं घुमट आनंदानं बाजूला ठेवून झांजा घेतल्या. सबंध वर्ष भाषेवरून एकमेकांशी अबोला धरलेले दोन शेजारी खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवत होते. पोरं ओरडत होती, माटोळी हलत होती, आणि बाबली देवाच्या पुढ्यात, देवापेक्षा खाली बसून, घामाघूम होऊन हसत होते. एकामागून एक आरती, कुणी थांबायचं नाव घेईना.

शेवटच्या आरतीला सगळे उठून स्वतःभोवती फिरतात. वाड्यावरची सगळी माणसं बाबलींकडे बघायला लागली. सुदेश पुढे झाला, त्यानं हात दिला.

"हात नको," बाबली म्हणाले. "ताल धर."

त्यांनी घुमट छातीशी घेतलं, पाय माझ्या पायांपाशी रोवले, आणि उठले. एकटे. माझ्यावरून. घुमट गळ्यात अडकवून वाजवत वाजवत त्यांनी पूर्ण गिरकी घेतली आणि त्या घरात जो गजर झाला, तो थेट पलीकडच्या वाड्यावर ऐकू गेला असणार. सिद्धी रडत होती आणि हसत होती. मी रडू शकत नाही म्हणून बरं, नाहीतर नवं कापड भिजलं असतं.

मित्रांनो, घरासाठी बसायचं काही आणायला जाल, तेव्हा मखमल मागाहून बघा. आधी त्यावर कोण बसणार आहे, त्याचे गुडघे बघा. आम्हा जुन्या मंडळींना दुरुस्तीला काढायचं तर जरूर काढा, पण पोटात काय भरलंय ते एकदा हात घालून तपासा. सगळंच जुनं टाकायचं नसतं, आणि भांडी घासायलाही द्यायचं नसतं. चवथीला पेडण्याला या. आरतीला उभं राहायला जागा मिळेल. माझ्यावर मात्र बसायला मागू नका, तिथं बाबली बसतात.