डोकी मोडलेले अकरा एफ

मित्रांनो, माझे अकरा एफ मोडले आहेत हे उघड झालं तो बुधवार होता, सन १९४३ मधला. खिळे जुळवून मजकूर तयार करणारा जुळारी पुंजाराम नवं काम जुळवायला बसला. त्याने एफच्या खणात बोटं घातली आणि त्याचा हात थांबला. एकेक एफ काढून त्याने जुळणीच्या टेबलावरच्या दगडी फरशीवर मांडला. एकालाही डोकं नव्हतं.

मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा एक जुना संच आहे; एका खिळ्यावर एक अक्षर. अहमदनगरच्या एका छापखान्यात, खिडकीजवळच्या लाकडी केसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या पेटीत, राहतो. माझी अक्षरं इंग्रजी आणि तिरकी आहेत. साधी अक्षरं ताठ उभी असतात, माझी उजवीकडे कलतात. विलायतेतल्या एका कारागिराने झरझर लिहिणाऱ्या हाताकडे बघून माझा घाट ठरवला. प्रत्येक रेघेच्या टोकाला त्याने बारीक फाटा दिला आणि एफला वळणदार डोकं दिलं. ते डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर येऊन शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर झुकतं. छापल्यावर फार देखणं दिसतं. पण त्याला खालून आधार नसतो. लोक मला ज्यासाठी वाखाणतात तिथेच मी मोडतो.

मला मुंबईत ओतलं आणि मग नगरला आणलं. भिंगारच्या छावणीतल्या साहेबांना मेजवानीची कार्डं माझ्याच अक्षरांत लागत. मालक आबासाहेब गिऱ्हाइकाला मला अभिमानाने दाखवत.

छापून झालं की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकावे लागतात. हे काम पुंजारामची बायको रंगुबाई करी. तिला वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक अक्षर ती बोटाने ओळखायची. एफ ती दोन बोटांत अलगद धरी आणि खणात टाकण्याऐवजी ठेवी. सहा वर्षांत तिच्या हातून माझा एकही एफ मोडला नाही.

मोडले ते गोरक्षनाथने. तो मशीनवर होता. जुळवलेला मजकूर मशीनवर चढवण्याआधी खिळे एका पातळीत यावेत म्हणून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हळू ठोकायचं असतं. त्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी मेजवानीच्या कार्डांसाठी साहेबाचा माणूस दारात उभा होता. गोरक्षनाथने ठोकळा न घेता सरळ हातोडी मारली आणि अकराही एफची डोकी उडाली. कार्डं तशीच छापली गेली. कुणाची तक्रार आली नाही. मेजवानी झाल्यावर कार्ड कोण बघतो?

बुधवारी आबासाहेब फरशीपाशी आले. लढाईमुळे नवे खिळे मिळत नव्हते. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

गोरक्षनाथ हसला. "पुंजा, तुझ्या बायकुनं भाकरी थापल्यागत दाबलं आसंल."

सगळे हसले. रंगुबाई उठून उभी राहिली.

"माझ्या हातात आलं तवाच डोकी न्हवती त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "म्या समद्यांच्या म्होरं कसं सांगावं म्हनून गप ऱ्हायले. आवं, छापल्याला कागुद बघा की एक डाव."

कागद तिथेच होता. भिंतीवरच्या तारेला प्रत्येक कामाचा एक नमुना अडकवलेला असे. पुंजारामने हात वर केला असता तर तो मिळाला असता. पण मालक बघत होते. त्याला स्वतःच्या जागेची भीती वाटली.

"तुला काय कळतं कागदातलं?" तो म्हणाला. "घरी जा. उद्यापासून यायचं न्हाई."

ती गेली. मी सगळं पाहिलं होतं. हजारो अक्षरं अंगात असून मला एक शब्द बोलता आला नाही.

त्यानंतर गल्लीत बाया तिला "डोकीमोडी" म्हणायच्या. हे छापखान्यात गोरक्षनाथच हसून सांगे आणि पुंजाराम मान खाली घालून ऐके. श्रावणात तिला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली.

तिची आई गोजरबाई तिसगावहून आली होती. परत जाताना ती छापखान्याच्या पायरीशी थांबली.

"जावईबापू, खरंच तिनंच मोडलं का वो? लहानपनापासनं तिच्या हातनं कधी मडकं फुटलं न्हाई."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "तिनंच."

गोजरबाईने पदर तोंडाला लावला आणि ती मोटारीकडे निघून गेली.

दिवाळीच्या आधी प्रुफं तपासणारे बाबाजान तारेवरचे जुने नमुने काढत होते. मेजवानीचं कार्ड हाती येताच ते खिडकीशी गेले. मग त्यांनी पुंजारामला हाक मारली.

"हे बघ. अकराच्या अकरा. छापतानाच मोडलेले आहेत. बाई खरं सांगत होती."

पुंजारामने त्यांच्या हातून कार्ड घेतलं. गोरक्षनाथने मशीन थांबवलं नाही. "आता ती मेल्यावर कुनाला दावता, बाबाजान?" तो म्हणाला. आबासाहेब म्हणाले, "झालं ते झालं. कामाला लागा."

आणि सगळे कामाला लागले.

मित्रांनो, माझी डोकी पुन्हा येणार नाहीत. मला वितळवून दुसरं काही ओततील, त्याचं मला फार वाटत नाही. पण एखाद्यावर दोष ठेवण्याआधी तो सांगतो तो कागद एकदा उजेडात धरा. त्याला फार वेळ लागत नाही.

पुंजारामने ते कार्ड खिशात ठेवलं आहे. तिसगावला रोज मोटार जाते. गोजरबाई अजून जिवंत आहे. तो अजून तिच्याकडे गेलेला नाही.