एकसष्ट नंबरची कडी

मी एक जुना जुडगा आहे, मित्रांनो, पण चाव्यांचा नव्हे. एका जाड तारेत ओवलेल्या सत्तावीस पितळी कड्या आणि प्रत्येकीवर कोरलेला एक आकडा, एवढेच माझे शरीर. कुणाच्या बोटात किती मापाची अंगठी बसेल, हे मी सांगतो. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात, बोर्गहिल्ड सोनारणीच्या दुकानात, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी पन्नास वर्षे लटकलो. मला कुणी कधी लग्नाला नेले नाही. पण माझ्या कडीत बोट घातल्याशिवाय गावात एकाचेही लग्न ठरले नाही, हा तोरा मी मिरवणारच.

बोर्गहिल्डच्या वडिलांनी मला घडवले. कड्या कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि लेक सोनारकाम शिकायला बसली त्या दिवशी मला तिच्या हाती दिले. तिला एक सवय लागली. माप झाले की बोट लागलेली कडी ती लोकरीच्या फडक्याने लख्ख पुसायची. त्यामुळे किती बोटे माझ्यातून गेली, याची एकही खूण माझ्या अंगावर उरत नसे.

आमच्या गावात अंगठी निवडायला दोघे जोडीने येतात. दोघांनाही सारखीच अंगठी लागते, बिनखड्याची, साधी, आत एकमेकांचे नाव कोरलेली, आणि ती घालायची उजव्या हातात. रुंद घ्यावी की अरुंद, यावर तासभर वाद होतो, दोन किटल्या कॉफी संपते, आणि शेवटी बोर्गहिल्डने सुरुवातीला दाखवलेलीच अंगठी पसंत पडते. मला या वादांची फार गोडी होती.

त्या मार्चमध्ये मात्र त्रिग्वे एकटाच आला. तो बोटींची इंजिने दुरुस्त करायचा. त्याला आपल्या प्रेयसीला, सिन्नोव्हला, चकित करायचे होते, तेही सिनेमातल्यासारखे, चमकत्या खड्याची अंगठी देऊन. तिच्या पेटीतली एक जुनी अंगठी त्याने गुपचूप आणली होती. बोर्गहिल्डने ती माझ्या कड्यांशी ताडून पाहिली. त्रेपन्न.

"ही ती डाव्या हातात घालते ना? उजव्याचं माप कुठंय?" तिने विचारले.

"सिनेमात डाव्याच हातात घालतात," त्रिग्वे म्हणाला आणि मान खाली घालून उगाच नखातले तेल कोरू लागला.

बोर्गहिल्डने त्याला दोनदा समजावले, पण त्याला घाई झाली होती. मीही छाती फुगवून त्रेपन्नच सांगितले होते. आकडा बरोबर होता, हात चुकला होता. याची रुखरुख मला अजून आहे.

आठ दिवसांनी सिन्नोव्ह आली. त्रिग्वेने दिलेल्या अंगठीची डबी तिने काउंटरवर ठेवली आणि परत घ्या म्हणाली. दुकानात शेगडी धगधगत होती, तरी तिच्या उजव्या हातात लोकरीचा हातमोजा तसाच होता. दोन वर्षांपूर्वी मासळीच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्या हाताचे अंगठीचे बोट चिरडले होते. ते जुळले, पण सांधा जाड आणि वाकडा राहिला. तेव्हापासून ती तो हात लपवत असे.

"सगळं गाव उजव्या हातात घालतं," ती म्हणाली. "माझाच तेवढा डावा हात का धरला त्यानं? त्याला हे बोट चारचौघांत नकोय. मग मीही नको."

बोर्गहिल्डने तिच्यापुढे कॉफी ठेवली, तपकिरी चीज लावलेले वॅफल ठेवले, आणि आत जाऊन फोन केला. त्रिग्वे धक्क्यावरून धावत आला. तेलाने माखलेले हात पुसायचेही त्याला सुचले नव्हते. डावा हात का, असे सिन्नोव्हने विचारले, तेव्हा सिनेमाची सबब त्याच्या तोंडून निघेना.

"मला विचारायची भीती वाटली," तो शेवटी म्हणाला. "त्या बोटाचा विषय निघाला की तू उठून जातेस. म्हटलं, डावा हात बरा. मी भित्रा आहे गं, पण लाज नाही वाटत मला तुझी."

सिन्नोव्हने कॉफीचा कप बाजूला सारला. मग तिने हातमोजा काढला आणि हात काउंटरवर ठेवला. "घे, मोज," ती म्हणाली.

बोर्गहिल्डने मला तळहातात धरून ऊब दिली आणि त्रिग्वेकडे सोपवले. तो घाईने एकेक कडी लावून पाहू लागला. त्रेपन्न नखापाशीच थांबली. सत्तावन्न सांध्याला टेकली. "सावकाश, इंजिन नाही हे," सिन्नोव्ह म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरासे हसू होते. एकसष्ट नंबरची कडी किंचित वळवताच सांध्यापलीकडे गेली. खाली ती सैल झाली, तेव्हा अंगठीच्या आत सोन्याचे दोन बारीक मणी बसवले की ती फिरणार नाही, असे बोर्गहिल्डने सांगितले. खड्याची अंगठी तिने परत घेतली. रुंद की अरुंद, याचा वाद मग रीतसर तासभर चालला. मी सुखाने ऐकत होतो.

सर्वांत शेवटी त्रिग्वेचे माप घेतले. त्याचे ते रांगडे बोटही एकसष्टमध्येच बसले. सिन्नोव्हने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि आपला हात त्याच्या हाताशेजारी टेकवला. घरी जाताना हातमोजा ती काउंटरवरच विसरून गेली.

आता बोर्गहिल्ड थकली आहे. नवी सोनारीण मापाला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरते आणि मी खणात पडून असतो. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणासाठी काही निवडाल, तेव्हा ज्या हाताबद्दल विचारायला भीती वाटते, त्याचेच माप आधी घ्या. आणि कधी खण उघडून मला घासायला घेतलेत, तर सव्वीस कड्या खुशाल लख्ख करा. एकसष्ट नंबरच्या कडीवर इंजिनाच्या तेलाचा एक काळा डाग आहे. त्या दिवशी बोर्गहिल्डने फडके उचलले होते आणि न पुसताच खाली ठेवले होते. तुम्हीही तो तसाच राहू द्या.