तळ्यात बुडालेली चार नंबर

रुग्णवाहिका क्रमांक चार आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कोरडी ठणठणीत उभी होती. आणि कार्यालयातल्या नकाशाच्या पडद्यावर तीच गाडी मागच्या तळ्याच्या मधोमध बुडालेली दिसत होती. आता बोला! अर्धी वस्ती खिडकीला नाक लावून आधी पडदा बघे, मग गाडी बघे आणि कानाला हात लावे.

तीन आठवडे हाच तमाशा चालला होता. कार्यालयाच्या साहेबांनी गाडीच्या चालकाकडे लेखी खुलासा मागितला होता, ‘वाहन पाण्यात नेण्याचे कारण काय?’ शिवाय खबरदारी म्हणून गाडीत पोहण्याचं जाकीट ठेवलं होतं. चालकाला मात्र हसू येत नव्हतं. कुठली गाडी पाठवायची ते पडद्यावर बघूनच ठरे. काल दोन गल्ल्यांपलीकडच्या आजोबांना दम लागला, तर चार नंबर तळ्यात म्हणून दुसरी गाडी आली शहराच्या पार टोकाहून. आजोबा थोडक्यात वाचले.

“आज बाबांचा शेवटचा उपाय लागू पडला तर ठीक,” साहेब चालकाला म्हणाले, “नाहीतर उद्यापासून तुम्ही घरी बसा.”

हे बाबा म्हणजे दिशाबाबा. दक्षिणा घेऊन वाट चुकलेल्या गाड्यांची बाधा उतरवायचे.

“उपग्रह म्हणजे कोण? ग्रहांचे धाकटे भाऊ!” बाबा गरजले. “मोठा रुसला तर माणूस बुडतो, धाकटा रुसला तर गाडी! या चालकाच्या मानगुटीवर बुडालेला नावाडी बसलाय. त्याला घरची ओढ लागते, तो गाडी घेऊन तळ्यात जातो!”

“वा, वा!” साहेबांनी मान डोलावली.

बाबा शिडीवरून गाडीच्या छतावर चढले, काळी शाल पसरली, तिच्याखाली डोकं आणि दोन्ही हात घातले आणि ओरडले, “नीघ!” मिनिटभरात पडद्यावरचा गाडीचा ठिपका टुणकन तळ्यातून आवारात आला. एकच जयजयकार! शाल निघाली, बाबा उतरले आणि थोड्या वेळाने ठिपका पुन्हा पाण्यात.

“नावाडी हट्टी आहे,” बाबांनी उसासा सोडला. “चालकच बदला.”

चालकाची धाकटी बहीण गर्दीत उभी होती. ती लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या डिश बसवायची. कुणाला न विचारता ती शिडी चढली.

“दादा, हे तांब्याचं ताट कुणी ठोकलं इथे?”

“कवच आहे ते. बाबांनी दिलंय. फुकट.”

“कधी?”

“झाले की तीन आठवडे.”

“आणि गाडी तळ्यात कधीपासून?”

चालकाने बोटांवर मोजलं. “तेव्हापासूनच की!”

बहिणीने ताट एका बाजूने उचललं. त्याला चक्क बिजागरी होती! खाली गाडीची जागा कळवणाऱ्या यंत्राचा काडेपेटीएवढा काळा अँटेना. “याला आभाळ दिसलं पाहिजे. वर तांब्याने झाकलं की उपग्रहाचा सिग्नल सरळ पोचत नाही. भिंतींवर आपटून जे कडेने शिरतं, त्यावरून यंत्र जागेचा अंदाज बांधतं, आणि तो चुकतो.”

“पापिणी, नावाडी खवळेल!” बाबा ओरडले.

“खवळू दे की. बाबा, शालीखाली दोन्ही हात कशाला लागत होते हो?”

तिने ताट खाली टेकवलं. गाडी तळ्यात. उचललं, गाडी आवारात. मग काय विचारता! “मला बुडवू दे, मला!” म्हणत शिडीपाशी रांग लागली. साहेबांनी स्वतः गाडी दोनदा बुडवली. या गडबडीत बाबा कधी सटकले, कुणी पाहिलं नाही. शाल मात्र राहिली.

“हा अँटेना बदलाल तेव्हा लक्षात ठेवा, छत फायबरचं आहे, चुंबकाने चिकटणारा टिकणार नाही, स्क्रूने बसणारा घ्या,” बहीण म्हणाली. “छताच्या मधोमध, सपाट, भोंग्यापासून दूर. धातूचा पत्रा हवाच, पण अँटेनाच्या खाली. वर काही नाही.”

“झालं गेलं विसरा,” साहेब चालकाच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “नोकरी शाबूत आहे तुमची.”

“कसं विसरू, साहेब?” चालक म्हणाला. “तीन आठवडे आंघोळीच्या वेळी मी मान चोळून बघतोय, कुणी बसलंय का म्हणून. आजोबा गेले असते तर? नावाडी नव्हताच. आपण होतो. इतकी माणसं इथे रोज हात जोडून उभी राहिली, पण छतावरच्या कवचाखाली काय आहे ते एकानेही चढून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारायचं, हे होतं कसं? विचारण्याने कुठला देव कोपत नाही, साहेब. न विचारण्याने माणूस मरतो.”