कपाटाला नमस्कार

जिन्यापासून दारापर्यंत चपलांचा खच पडला होता. सगळे आले होते माझ्या भाचीला, चिऊला, बहिणीच्या गुरूंसमोर, बाबांसमोर वाकताना बघायला. धड बसताही न येणारं बाळ ते. बाबा घंटा वाजवून तिला झोपेतून उठवत, माझी धाकटी बहीण, चिऊची आई, तिला मांडीवर घेई, आणि जरा वेळाने चिऊची मान झपकन पुढे यायची, हात फेकले जायचे, ती कमरेत वाकायची. पुन्हा. पुन्हा. गर्दी हात जोडायची.

“जन्मोजन्मीची ओळख आहे,” बाबा डोळे मिटून म्हणायचे. ही हल्ली हसत का नाही, असं बहिणीने विचारलं, तर म्हणे समाधी लागली आहे. दूधपित्या बाळाला समाधी! माझं डोकंच फिरलं. कालपर्यंत खुदखुदणारी पोर आता आईकडेही बघत नव्हती.

मी चोरून काढलेला व्हिडिओ मुलांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच. हा नमस्कार नव्हे, अपस्मार आहे, फिट्सचा आजार, म्हणाल्या. असे झटके झोपेतून उठल्यावर एकामागून एक येतात. उपचार जितके लवकर, तितकी बाळाच्या वाढीची आशा जास्त. आता कळलं, चिऊ झोपेपर्यंत बाबा दर्शन का सुरू करत नसत ते.

बहीण ऐकेना. मग मीही हट्टाला पेटले. दुपारी चिऊ जागी होताच दोघींना कपाटासमोर बसवलं. ना बाबा, ना घंटा. चिऊ वाकली. कपाटाला. पुन्हा वाकली.

बहिणीने कपाटाकडे बघितलं, चिऊला उचललं. मग म्हणाली, “ताई, गाडी बोलाव.”

औषधांनी झटके थांबले. दर्शनात गेलेले आठवडे मात्र परत आले नाहीत. चिऊ उशिरा चालली, उशिरा बोलली. आता शाळेत जाते, शर्टाची बटणं लावताना चिडते. व्यायाम, बोलण्याचा सराव, तपासण्या चालूच आहेत. पुढे किती शिकेल, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. ती नुसती दचकली तरी बहीण हातातलं टाकून तिच्याकडे धावते. मीही.

परवा शाळेच्या फाटकाशी एका बाईंनी विचारलं, “हीच ना, बाबांना नमस्कार करणारी?”

चिऊने मान वर केली. शब्द शोधायला वेळ लागला.

“मी... आजारी होते,” ती म्हणाली.

एवढं तिला कळतं. आपल्यालाही कळायला हवं. बाळ असं झटक्याने वाकू लागलं, तर हात जोडत बसू नका. त्याच हातांनी त्याला उचला आणि दवाखाना गाठा.