सत्तेचाळीस टक्क्यांवर बसलेला शिक्का

मी शिक्का बोलतोय. ‘खरी प्रत’, ‘पोचले’ असलं काही माझ्यावर कोरलेलं नाही हं! माझ्यावर दोनच शब्द आहेत: ‘विशेष प्रावीण्य’. गुणपत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात मी जांभळ्या शाईत उमटलो, की आयांचे डोळे भरून यायचे आणि शेजाऱ्यांची तोंडं आंबट व्हायची.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. कारागिराचा चष्मा दोऱ्याने बांधलेला होता. त्याने माझ्याआधी एक शिक्का केला होता, पण त्यात ‘वी’ची वेलांटी ऱ्हस्व कोरली. शाळेने तो परत पाठवला. शुद्धलेखनात नापास झालेलं विशेष प्रावीण्य घ्यायचं कुणी? मग मला घडवलं. थोडक्यात काय, मी फेरपरीक्षेत पास झालेला आहे; उगाच शेखी कशाला मिरवू?

शाळेच्या कचेरीत एका पत्र्याच्या डब्यात माझं बिऱ्हाड होतं. शेजारी ‘उत्तीर्ण’ होता, कामाने पार झिजलेला. कोपऱ्यात ‘रद्द’ असायचा, दोन अक्षरांचा आणि तेवढंच बोलणारा. आमचे धनी म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं. पंचाहत्तर टक्के हवेत. एकाही विषयात कृपांक घेऊन पास झालेलं चालणार नाही. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली नको. एकदा चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ टक्केवाल्या मुलीचे वडील तासभर हुज्जत घालत बसले. तात्यांनी त्यांना दोन वेळा चहा पाजला, पण दोन दशांश काही दिले नाहीत.

माणसांची मला गंमत वाटायची. नव्वद टक्के मिळालेला एक्क्याण्णव का नाहीत म्हणून रडायचा, आणि काठावर सुटलेला जिन्यावरून नाचत जायचा. 

तर असा मी, नियमाच्या बाहेर कधी पाऊल न टाकलेला. पण एका वर्षी माझा पाय घसरला.

शेवटच्या वर्गाचे निकाल होते. तात्यांना सर्दी झाली होती. हजेरी क्रमांक तेवीस ही एक अबोल, हुशार मुलगी. वर्ग तिला ‘अळीमिळी’ म्हणायचा. तिला शहाऐंशी टक्के होते. क्रमांक चोवीस होता ‘भोवरा’, एका जागी दोन मिनिटं न टिकणारा मुलगा. त्याला सत्तेचाळीस टक्के, त्यातही गणितात तीन कृपांक. तात्यांनी अळीमिळीचं गुणपत्रक समोर घेतलं, मला उचललं, आणि त्यांना शिंक आली. अशी सणसणीत, की वरचा कागद उलटला आणि खालचा चोवीसचा समोर आला. तात्यांनी डोळे पुसत मला खाली टेकवलं. मी बसलो तो भोवऱ्याच्या कोपऱ्यात, कृपांकाच्या फुलीच्या अगदी शेजारी!

मी ओरडलो असतो, पण शिक्क्याला एकदाच बोलता येतं, आणि ते बोलून झालं होतं.

आठ दिवसांनी अळीमिळीची मावशी कचेरीत आली. “माझ्या भाचीला शहाऐंशी टक्के आहेत. शिक्का कुठाय?”

तात्यांनी रजिस्टर काढलं, बोट तेवीसवरून चोवीसवर नेलं आणि त्यांना ती शिंक आठवली. त्यांनी मावशीची माफी मागितली, जागच्या जागी मला त्या गुणपत्रकावर टेकवलं आणि सरळ मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

“त्या मुलाला चुकीच्या शिक्क्यावर कुठे प्रवेश मिळाला तर शाळेची अब्रू जाईल,” बाई म्हणाल्या. “आजच्या आज रद्द करून या. आणि ते गुणपत्रक जमा करा.”

तात्यांनी शाईची पेटी पिशवीत टाकली, ‘रद्द’ला शर्टाच्या खिशात घातलं, आणि मलाही. मला कशाला नेलं कोण जाणे! गुन्हेगाराला जागेवर नेतात म्हणे, तसं असेल.

भोवऱ्याचे वडील शिंपी होते. दुकान दोन पावलांचं. एक मशीन, एक टेबल, दोरीवर अर्धवट कपडे. आणि मशीनच्या बरोब्बर वर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत ते गुणपत्रक! माझी जांभळी खूण दारातूनसुद्धा दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“या या तात्या! पँटचं माप ना?”

“नाही हो, मी जरा वेगळ्या...”

“सरळ उभे राहा. पोट आत घेऊ नका, पँट काही आत घेत नाही.” शिंप्याने टेप कमरेभोवती टाकलासुद्धा. “छत्तीस. मागच्या वेळी चौतीस होती.”

“त्या निकालाबद्दल...” तात्या म्हणाले.

“हात वर.”

तात्यांनी हात वर केले. तीस वर्षं भल्याभल्या पालकांना न बधलेला माणूस तिथे शरण आल्यासारखा उभा होता. शर्टाच्या मापाला टेप छातीवर आला आणि खिशात आमच्यावर अडकला.

“हे काय टोचतंय?”

तात्या काही बोलणार, तेवढ्यात भोवरा दारात आला. त्याने तात्यांना पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या आमच्या मुठी पाहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा एका जागी थांबला.

मला वाटलं, हा पळणार. पण तो आत आला.

“बाबा,” तो म्हणाला, “तो शिक्का माझा नाहीये. चुकून पडलाय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

शिंपी टेप गुंडाळत राहिला. सावकाश, एकेक वेढा. मग म्हणाला, “मलाही.”

“म्हणजे?”

“अरे, दिवसभर इंच मोजतो मी. आठ विषयांची बेरीज जमणार नाही होय मला? सत्तेचाळीस टक्के. त्याच संध्याकाळी केली.”

भोवऱ्याने चौकटीकडे बोट केलं. “मग भिंतीवर कशाला लावलंत?”

“कपाटात ठेवलं असतं तर तू विसरून गेला असतास. इथे रोज जेवणाचा डबा द्यायला येतोस, रोज बघशील म्हटलं.” शिंप्याने टेप गळ्यात टाकला. “आठ दिवस लावलेस. चौथ्या दिवसापासून मला शिवण नीट जमेना.”

“मी सांगणार होतो. पण समोरचे इस्त्रीवाले काका येऊन अभिनंदन करून गेले. तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही खूश आहात.”

“मी तुझी वाट बघत होतो रे, गाढवा,” शिंपी म्हणाला, आणि त्याने त्या गाढवाला असं जवळ ओढलं की गळ्यातला टेप दोघांत अडकला.

तात्यांचे हात अजून वरच होते.

“खाली घ्या हो तात्या,” शिंपी हसत म्हणाला. त्याने चौकट उतरवली, कागद काढून टेबलावर पसरला. “मारा.”

‘रद्द’ माझ्यावर आडवा बसला. खरं सांगतो, दुखलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

“हा कागद नियमाप्रमाणे जमा करावा लागेल,” तात्या पुटपुटले.

“तो राहू द्या इथे. शिक्क्यासकट आणि रद्दसकट. नवीन गुणपत्रक द्याल ते सुटकेसमध्ये ठेवू. भिंतीवर मला हेच हवंय.”

तात्यांनी कागद उचलला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. मग शाईची पेटी मिटून निघाले. पँट शिवायला टाकूनच.

“जमा केलंत?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“केलं, बाई. नियमात ‘जमा करावे’ एवढंच आहे. कुठे ते लिहिलेलं नाही.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची फाईल ओढली.

अळीमिळी पुढे हव्या त्या कॉलेजात गेली. भोवऱ्याला पुढेही कधी पंचावन्नच्या वर टक्के मिळाले नाहीत. पण दाखला न्यायला आला तेव्हा कचेरीचा डगमगणारा पंखा पाहून स्टुलावर चढला, आणि दुरुस्त करूनच उतरला. त्याचे गुण कुठे लिहायचे, हे तात्यांच्या पुस्तकात सापडलं नाही. त्यांनी शोधलं होतं, मी पाहिलंय.

तात्या निवृत्त झाले. आता कॉम्प्युटर आला आहे. तो मोहोर आपोआप छापतो, त्याला शिंकही येत नाही. माझं रबर कडक झालंय, लाकडाला चीर गेलीय. नव्या बाई मला खिडकी आपटू नये म्हणून फटीत खुपसतात. तक्रार नाही. वारा छान लागतो.

फक्त एक मागणं आहे. माझ्या अंगावर सगळी अक्षरं उलटी कोरली आहेत. स्वतःला मी सरळ वाचलं ते फक्त दुसऱ्यांच्या कागदावर, तेही घाईघाईत, पान उलटेपर्यंत. कधी मला टाकून द्यायची वेळ आली, तर त्याआधी पॅडवर थोडी शाई घाला आणि एका कोऱ्या कागदावर मला टेकवा. कुणाचं नाव नको, टक्के नकोत. कागद वाळेपर्यंत मला समोर ठेवा. मग खुशाल टाका.