कारल्याचा नैवेद्य

चनमल्लप्पांच्या मते पालेभाजी ही जनावरांच्या तोंडची वस्तू होती. माणसानं कडक भाकरी खावी, वर शेंगाचटणी अन् दही. घरचंच चटणीचं दुकान, त्यामुळे दुसरं काही खाणं म्हणजे धंद्याशी बेइमानी. शेंगाही शेतातच पिकतात की, असं सांगून ते डॉक्टरांनाही गप्प करत.

पण सिद्धेश्वराच्या यात्रेआधी नंदीध्वज पेलायचा सराव सुरू झाला आणि सगळी ऐट उतरली. देवाच्या मिरवणुकीतला तो उंच, जड ध्वज घेऊन चार पावलं गेले नाहीत तोच छातीचा भाता झाला. सरावाचा सोबती गुरुशांत धावला म्हणून ध्वज सावरला. सराव घेणाऱ्या म्हाताऱ्या महिपतींनी सगळ्यांसमोर सुनावलं, महिनाभरात दम आला नाही तर यंदा दुसरा पेलेल. वडिलांमागं ही सेवा कधी चुकली नव्हती. चनमल्लप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी रोज भाज्या-फळं खायला आणि चालायला सांगितलं. चालणं त्यांनी लगेच सुरू केलं. भाजीचं नाव काढलं की मात्र कपाळाला आठी.

त्यांच्या बायकोनं, भुवनेश्वरीनं, रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. मग तिनं नेमकी नस धरली. प्रसाद नाकारायचा नाही, ताटात टाकायचा नाही, हा नवऱ्याचा जन्माचा नेम. दुसऱ्या दिवसापासून देवापुढं मेथी आली, काकडी आली, पेरू, गाजर, पपई. देवाला अलीकडं भलतंच काही आवडायला लागलंय म्हणत बिचारे मुकाट्यानं गिळत राहिले.

महिना सरला. सरावाला निघायच्या आधी ताटात कारलं दिसलं, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कारल्याचा नैवेद्य कोण दाखवतं? आपल्याला देवाच्या नावानं चारलं जातंय तर! ते तणतणत उठले आणि न जेवताच गेले.

त्या संध्याकाळी ध्वज त्यांनी पार चौकापर्यंत नेला. दम लागला, पण पाय डगमगले नाहीत. महिपती नुसते हसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. चनमल्लप्पांचे डोळे भरून आले.

घरी ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. ते बसले आणि पहिल्यांदा कारल्यालाच हात घातला.

भुवनेश्वरी चाचरत म्हणाली, "बाकी सगळं खरंच देवाला दाखवलं होतं. हे तेवढं न्हाई. कडू हाय म्हणून धजले न्हाई."

"म्हाईत हाय," चनमल्लप्पा तोंड वाकडं करत म्हणाले, "पण तू केलंयस की."

आणि ताटात काही टाकलं नाही.